पाच शहरं सोडा, एका बँडच्या दोन रात्री धरा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. माझं वय ४९. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावानं कॅसेटवर मॅरिलियन या बँडची गाणी भरून दिली आणि तेव्हापासून प्रॉग रॉक, म्हणजे रॉकमधला लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा प्रकार, सुटलेला नाही. वीस-वीस मिनिटांची गाणी तोंडपाठ आहेत, पण यातला एकही बँड मी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. मी राहते तिकडे ते येत नाहीत. आता मुलगी मार्गी लागली, पैसेही साठवलेत, म्हणून युरोपचा बेत आखला आहे. १२ दिवस, ५ शहरं, ६ बँड. लंडनला स्टीव्हन विल्सन आणि स्टीव्ह हॅकेट, ॲमस्टरडॅमला मॅरिलियन, कोलोनला ड्रीम थिएटर, मिलानला पीएफएम हा इटालियन बँड, शेवटी स्टॉकहोमला ओपेथ. तारखा जाहीर होतील तशा मागे-पुढे करीन. कच्चा तक्ता जोडला आहे. नवरा म्हणतो, यूट्यूबवर सगळं फुकट दिसतं, मग एवढा खटाटोप कशाला? तो सोबत यायला तयार आहे, पण लांब गाण्यात त्याला झोप येते. त्याला न्यावं, की एकटीनं जावं? बेत कसा वाटतो?
– एक श्रोती"

ताई,

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. गाड्यांच्या वेळा, हॉटेलपासून हॉलपर्यंतचं अंतर, कुठे किती तास मोकळे, सगळं नीट जुळवलं आहे. त्यामागची इतक्या वर्षांची ओढ दिसते, म्हणून हे सांगणं मला जड जातंय. हा तक्ता बाजूला ठेवा. प्रवास मात्र सोडू नका. सहा बँडांतला एक निवडा, एकाच गावी मुक्काम करा आणि तिथे त्या बँडच्या लागोपाठ दोन रात्री ऐका.

हे मी स्वतःच्या अनुभवातून शिकलो. माझ्या पहिल्या अशा प्रवासात मी ९ दिवसांत ४ शहरं आणि ५ कार्यक्रम बसवले होते. ज्या बँडसाठी खरं तर घर सोडलं होतं, त्याचा कार्यक्रम तिसरा. आदली रात्र बसमध्ये गेली होती आणि खोली दुपारी मिळणार म्हणून सकाळभर स्टेशनच्या बाकावर बसून होतो. संध्याकाळी दिवे मालवले, पहिला सूर आला, आणि ज्याची २२ वर्षं वाट पाहिली ते सुरू झालं. त्यातलं आज मला काय आठवतं? समोरच्या माणसाचा कोट आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ. शेवटची गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशीचं शहर हुकलं असतं. शेवटचं गाणं पंचवीस मिनिटांचं. ते निम्म्यावर आलं असताना मी उठलो आणि जिना उतरलो. दार लागता लागता मागून ऑर्गन ऐकू येत होता. तो पुढे कुठे जातो हे मला पाठ होतं, पण त्या रात्री तो तिथे पोहोचला तेव्हा मी फलाटावर होतो. याचं दुःख अजून गेलेलं नाही.

काही वर्षांनी त्याच बँडनं एका हॉलमध्ये लागोपाठ दोन रात्री जाहीर केल्या. मी दोन्ही तिकिटं काढली आणि त्या आठवड्यात दुसरं काहीच ठेवलं नाही. पहिल्या रात्री मी नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं फोटोत पाहिलेली माणसं समोर उभी, घाम पुसताहेत, एकमेकांकडे बघून हसताहेत. डोळे भरून आले. ऐकलं फार थोडं. दुसऱ्या रात्री डोळ्यांची भूक भागली होती आणि मग कान उघडले. लांबच्या गाण्याच्या मधल्या भागात बास वाजवणारा खालच्या पट्टीत दुसरा आवाज लावतो, हे रेकॉर्ड शेकडो वेळा ऐकूनही मला कधी जाणवलं नव्हतं. म्हणून मी दोन रात्रींवर एवढा अडून बसलो आहे.

त्यात काही बँड रोज नवी यादी वाजवतात. २०१४ नंतरच्या दौऱ्यांत किंग क्रिमसन या बँडनं तीन ड्रमर रंगमंचाच्या पुढच्या रांगेत बसवले होते आणि गाणी रात्रीगणिक बदलत. एकच रात्र ऐकणाऱ्याच्या हाती त्या दौऱ्याचा एक तुकडा लागायचा. पडद्यावरची चित्रं आणि प्रकाशयोजना गाण्यांशी घट्ट बांधलेली असेल तर यादी सहसा बदलत नाही. तरीही दुसरी रात्र वाया जात नाही, कारण पुढे काय येणार हे माहीत असल्यावर माणूस वाद्यांकडे बघतो. पायानं वाजवायचे बास पेडल कधी दाबले जातात, सात मात्रांचा आवर्त ड्रमर कसा मोडतो, कीबोर्डवाला कुठल्या हातानं काय धरतो, हे दिसायला लागतं.

आता बँड कुठला? तुमच्या पत्रात सहा नावं आहेत, पण कॅसेट एकाच नावाची आहे.

मॅरिलियन 'मॅरिलियन वीकेंड' या नावानं २००२ पासून आपल्या श्रोत्यांसाठी मेळावे भरवतो. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर पोर्ट झेलांड नावाचं एक सुट्टीचं संकुल आहे, तिथे हे अनेकदा झालं आहे. इतर देशांतही होतं. तीन दिवस, तीन रात्री, दर रात्री वेगळी गाणी, आणि बहुधा एखाद्या रात्री एक अख्खा अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. पोर्ट झेलांडला श्रोते तिथल्याच बैठ्या घरांत राहतात आणि कार्यक्रम संपला की चालत खोलीवर जातात. तुमचं अर्धं वेळापत्रक इथेच मिटतं. पुढच्या तारखा बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा आणि विक्री उघडेल त्याच दिवशी तिकीट घ्या.

तिथे जमणाऱ्या माणसांबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९७ मध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या मार्क केलीनं इंटरनेटवर कळवलं, की अमेरिकेचा दौरा बँडला परवडत नाही. तिथल्या श्रोत्यांनी आपापसात सुमारे ६०,००० डॉलर जमवले आणि बँडला समुद्रापलीकडे नेलं. २००१ चा अल्बम तर श्रोत्यांनी आगाऊ पैसे भरल्यामुळे झाला, रेकॉर्डिंग व्हायच्या आधी. क्राउडफंडिंग हा शब्दही तेव्हा रुळला नव्हता. एकटी गेलात तर या अशा लोकांत जाल. रांगेत तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या कॅसेटची गोष्ट सांगा, तो तुम्हाला त्याची सांगेल.

एक मात्र तपासून घ्या. तुमच्या कॅसेटवर आवाज कुणाचा होता? जुना गायक फिश १९८८ मध्ये बँड सोडून गेला आणि १९८९ पासून स्टीव्ह होगार्थ गातो आहे. फिशनं २०२५ मध्ये निरोपाचा दौरा करून थांबायचं ठरवलं. तुमचं मन फिशच्या आवाजात गुंतलेलं असेल तर तो आवाज तिथे मिळणार नाही. हे तिथे जाऊन कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. होगार्थच्या काळातले अल्बम आधी दोन-तीन महिने मनापासून ऐका. मला स्वतःला ते जास्त जवळचे वाटतात. कुठल्याही जुन्या बँडचं तिकीट काढण्याआधी आज त्यात कोण वाजवतं हे बघावं. यस या जुन्या बँडमध्ये आज एकही संस्थापक नाही. गिटार वाजवणारा स्टीव्ह हाऊ आहे, पण तोही १९७० मध्ये आलेला. काहींना ते चालतं, काहींना जिव्हारी लागतं. तुम्ही कुठल्या बाजूच्या, हे तुम्हालाच ठाऊक.

उरलेल्या पाचांचं काय, असं तुम्ही म्हणाल. ते पुढच्या प्रवासांसाठी ठेवा आणि त्यांत वयानं मोठे असतील त्यांना आधी गाठा. ओपेथ आणि स्टीव्हन विल्सन थोडे थांबू शकतात. हॅकेटचा जन्म १९५० चा, पीएफएम १९७० पासून वाजवतोय, तिथे मी थांबणार नाही. या संगीतातल्या जुन्या, मोठ्या नावांचंच बघा: २०१५ मध्ये यसचा क्रिस स्क्वायर गेला, २०१६ च्या मार्चमध्ये कीथ एमर्सन, त्याच डिसेंबरात ग्रेग लेक, आणि दोन महिन्यांच्या आत जॉन वेटन. दोन वर्षांहूनही कमी काळात चौघं. रश या बँडचा १ ऑगस्ट २०१५ चा लॉस एंजेलिसजवळचा कार्यक्रम त्यांचा ड्रमर नील पर्टचा शेवटचा ठरला. तो २०२० च्या जानेवारीत गेला. उरलेल्या दोघांनी २०२५ मध्ये आनिका निलेस या ड्रमरला घेऊन नवा दौरा जाहीर केला आणि मला त्याचा आनंदच आहे, पण पर्टला ऐकायचं राहिलं ते राहिलं.

शिवाय मोठ्या वयाचे कलाकार आता गावोगाव फिरत नाहीत. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरनं २०२४ चा दौरा रोम, लंडन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क अशा मोजक्या शहरांवर आवरला, आणि रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये सहा रात्री वाजवलं. ज्याला ऐकायचंय त्यानं उठून जायचं, असा हा काळ आहे. युरोपातल्याच लोकांना देश ओलांडावे लागतात, तर तुमचा खटाटोप काही जगावेगळा नाही.

यूट्यूबबद्दल. तुमच्या यजमानांचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तरही सरळ आहे. आपलं संगीत कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत चढत जातं आणि त्या चढणीसाठीच गाणं वीस मिनिटांचं असतं. फोनचा माइक आवाज आपोआप सारखा करतो, हळू असेल ते वर खेचतो आणि मोठं असेल ते दाबतो. चढण सपाट होते. हॉलमध्ये काही हजार माणसं श्वास धरून बसलेली असतात, एकटी गिटार वाजत असते, इतकी हळू की कुणाच्या खुर्चीची करकर ऐकू येते. मग बास पेडल पडतो आणि तो आधी तळपायाला कळतो. हे मला कुठल्याही चित्रफितीत सापडलेलं नाही.

यासाठी जागा नीट निवडा. ध्वनी सांभाळणारा माणूस हॉलच्या मध्ये जिथे आपलं टेबल मांडून बसतो, त्याच्या आसपासचं तिकीट घ्या. तो स्वतः जे ऐकतो त्यावरून सगळं जुळवतो. अगदी पुढे माणसं छान दिसतात, पण ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर गाणाऱ्याला झाकून टाकतात. युरोपात बऱ्याच हॉलमध्ये खालचा मजला उभ्यानं ऐकणाऱ्यांचा असतो. तीन तास उभं राहणं जमणार असेल तरच ते घ्या. जाहिरातीत 'ॲन ईव्हनिंग विथ' असं लिहिलेलं दिसलं तर समजा, की आधी वाजवणारा सपोर्ट बँड नाही आणि मुख्य बँडच सगळी संध्याकाळ, बहुतेकदा मध्यंतर घेऊन दोन भागांत, वाजवणार. एवढ्या लांबून येणाऱ्यानं असाच कार्यक्रम शोधावा.

आणि कानांत प्लग घालाच. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते, आणि रॉकचा कार्यक्रम तिथपर्यंत सहज जातो. औषधाच्या दुकानातले फोमचे प्लग वरचे सूर गिळतात, झांजांची किणकिण नाहीशी होते. संगीतासाठी बनवलेले, फिल्टरवाले प्लग घ्या. ते सगळं सारख्या प्रमाणात हळू करतात. घरी एक-दोन अल्बम ते घालून ऐका, म्हणजे तिथे अडखळायला होणार नाही.

फोन पिशवीत राहू द्या. टूल या बँडच्या कार्यक्रमांत शेवटच्या गाण्यापर्यंत तो काढू देत नाहीत. किंग क्रिमसनकडे तर बास वाजवणारा टोनी लेव्हिन शेवटी स्वतःचा कॅमेरा उचलायचा, तेव्हाच श्रोत्यांनी उचलायचा, असा दंडक होता. मला तो फार आवडायचा.

आता कागदपत्रं, कारण तुमच्या तक्त्यात खरी अडचण इथे होती. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमच्या पासपोर्टला व्हिसा लागत असेल तर लंडनसाठी एक आणि ॲमस्टरडॅम-कोलोन-मिलान-स्टॉकहोमसाठी दुसरा, असे दोन अर्ज करावे लागले असते, आणि एकाकडे पासपोर्ट अडकला की दुसरा खोळंबतो. एका गावी गेलात तर एकच अर्ज. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कार्यक्रमाचं तिकीट, कारण ते संपतं. मग रद्द करता येईल अशी खोली. मग व्हिसा. आणि पक्कं विमान सगळ्यात शेवटी.

तिकीट बँडच्या संकेतस्थळावर जी विक्रेती संस्था दिलेली असेल तिच्याकडूनच घ्या. फेरविक्रीचं घ्यावंच लागलं तर मूळ किमतीतच विकू देणारी अधिकृत जागा शोधा. बहुतेक तिकिटं आता फोनमध्येच येतात, काही तर कार्यक्रमाच्या दोन-चार दिवस आधी उघडतात, आणि त्यासाठीचा ओटीपी तुमच्या घरच्या नंबरवर येतो. तिकडे उतरल्या उतरल्या सिम बदललं तर तो कुठे येणार? घरचा नंबर चालू ठेवा आणि तिकीट उघडेल त्याच दिवशी फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. दारात इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळतात, पण विमान आणि खोलीचे कुणी देत नाही. नेहमीचा प्रवासविमाही बहुतेकदा याला धरत नाही. जेनेसिस या बँडनं ऑक्टोबर २०२१ मध्ये बँडमध्येच कोविड शिरल्यामुळे लंडनचे कार्यक्रम पुढे ढकलले, ते मार्च २०२२ मध्ये झाले. २६ मार्चचा तर त्यांचा अखेरचा ठरला. हे कुणाच्या हातात नसतं. मनाची तयारी ठेवा आणि बदलता येईल असं विमान थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानं सरकतं. रात्री साडेनऊला, नेमकं लांबचं गाणं सुरू होताना, तुमच्या घरी मध्यरात्र उलटलेली असेल तर पापण्या मिटणारच, मग आवड कितीही असो.

राहिला सोबतीचा प्रश्न. पहिली रात्र तुम्ही एकटीनंच ऐका. यजमान शेजारी असले तर तुमचा निम्मा जीव त्यांच्या चेहऱ्यावर राहील, कंटाळले का, झोपले का, आणि ३० वर्षांची वाट त्यात निघून जाईल. प्रवासाला त्यांना जरूर न्या. समुद्र आहे, फिरायला जागा आहे, सकाळी न्याहारीला तुम्ही दोघं असाल. त्यांनी दिवसभर काय पाहिलं ते ऐका, आणि रात्री काय झालं ते त्यांना सांगा. दुसऱ्या रात्री त्यांना यावंसं वाटलं तर येऊ दे, पण ते त्यांनी आपण होऊन म्हणावं. त्यांना झोप लागली तर लागू दे. तोवर तुमचे कान उघडलेले असतील आणि त्यानं तुमचं काही बिघडणार नाही. त्यांना घरीच राहायचं असेल तर एकट्या जा. फक्त खोली हॉलपासून चालत जाता येईल अशी घ्या, म्हणजे शेवटच्या गाडीची चिंता करावी लागणार नाही. मी त्या चिंतेनं काय गमावलं ते वर लिहिलंच आहे.

परतीचं विमान शेवटच्या रात्रीनंतर एक दिवस सोडून घ्या. त्या मधल्या दिवशी काही बघायला जाऊ नका, आणि हेडफोनही लावू नका. त्या दुसऱ्या प्रवासात मी सकाळी एका कालव्याच्या कडेला बसून होतो आणि आदल्या रात्रीचा कार्यक्रम पहिल्यापासून मनात ऐकत होतो. मधल्या भागाशी आलो तेव्हा बासवाल्याचा तो खालचा आवाज स्वच्छ ऐकू आला. घरी परतल्यावर रेकॉर्ड लावली, तर तो तिच्यातही होता.